पेटी वाजते आहे

घटस्थापनेच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास सौभाग्यवतीने मला हलवून उठवले. "अहो, ऐकलंत का? घरात काहीतरी वाजतंय."

मी कान दिला. दर दोन-तीन सेकंदांनी एक बारीक 'टीं' येत होती. पहिला संशय फ्रीजवर गेला, कारण आमच्या घरात कसलाही आवाज झाला की पहिला संशय फ्रीजवरच जातो. तो निर्दोष ठरला. मग इन्व्हर्टर, मग मोबाईल, मग दाराची घंटा अशी सगळ्यांची झडती झाली. अखेर सौभाग्यवती माझ्या खोलीतून ओरडली, "अहो, तुमची पेटी वाजते आहे!"

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मला पेटी वाजवता येत नाही आणि या पेटीला पट्ट्याही नाहीत. पोळ्यांच्या मोठ्या डब्याएवढे हे काळे खोके माझ्या पुस्तकांच्या कपाटावर सहा वर्षे बसले आहे. आत चार डिस्का आहेत आणि एक वायर राउटरला जोडलेली आहे, त्यामुळे घरातल्या कोणत्याही यंत्रावरून तिच्यात काही ठेवता येते किंवा काढता येते. जाणकार तिला 'नॅस' म्हणतात. आमच्या घरी ती 'बाबांची पेटी'.

पेटीत लग्नामुंजीचे फोटो आहेत, कन्येच्या स्नेहसंमेलनांचे चित्रण आहे. पण खरा ऐवज निराळा. २००४ सालापासून सुट्टी लागली की मी वाई-जावळीकडच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत हिंडतो. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता या जगात नाहीत. त्यांत माझी आजीही आहे. २००६ च्या मे महिन्यात तिने माझ्यासाठी पुन्हा जाते मांडले आणि चाळीस मिनिटे ओव्या म्हटल्या. मागे जात्याची घरघर आहे, आणि मध्येच एकदा ओवी अर्धी टाकून ती कोंबडी हाकलते. २०११ साली ती गेली. तो आवाज या पेटीखेरीज कुठेही नव्हता. मला त्याची काळजी नव्हती, कारण डिस्का चार, म्हणजे प्रती चार, असा माझा भाबडा हिशोब होता.

तिसऱ्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला होता. रात्रभर मी त्या दिव्याकडे पाहत बसलो.

सकाळी वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ आवाज ऐकून खाली आले. त्यांचे निदान तयारच होते. "काढा बाहेर, फुंकर मारा, परत बसवा. आमचा रेडिओ वीस वर्षं असाच चालला." मी हात पुढे केलाही होता. तेवढ्यात पुण्याहून कन्येचा फोन आला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"बाबा, हात लावू नका. बंदही करू नका. आधी तिसऱ्या डिस्कचे आकडे वाचून दाखवा."

मला नवल वाटले ते असे की, या व्यवहारात रोगी स्वतःच आपल्या दुखण्याची रोजनिशी लिहीत असतो. प्रत्येक डिस्क आपण किती तास फिरलो, किती तापलो, कुठे अडखळलो याची नोंद ठेवते. 'स्मार्ट' असे त्या नोंदवहीचे नाव. कलमे पुष्कळ असतात, पण कन्येला त्यांतली तीनच हवी होती. पाचव्या कलमात डिस्कवरच्या खराब होऊन बाद केलेल्या जागांची संख्या असते. या जागांच्या बदली डिस्क आपल्या राखीव जागा वापरते. तिथे ११२ होते. एकशे सत्त्याण्णवाव्या कलमात ज्या जागा धड वाचता येत नाहीत, पण अजून बाद केलेल्या नाहीत, अशांची गणती असते. तिथे २४. आणि एकशे नव्व्याण्णवावे कलम म्हणजे डिस्क आणि पेटी यांच्या दरम्यान वाटेत झालेल्या चुका. तिथे शून्य.

"म्हणजे वायर किंवा खाच ठीक आहे, डिस्कच आजारी आहे," कन्या म्हणाली. शेवटचा आकडा वाढत असता आणि पहिले दोन शून्य असते, तर दोष बहुधा जोडणीत निघाला असता. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा उपाय अगदीच टाकाऊ नव्हता. फक्त रोग दुसरा होता.

१९५६ साली आय. बी. एम. कंपनीने पहिले डिस्कचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात २४ इंच रुंदीच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून मावत होती ५० लाख अक्षरे. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांना न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावरून तरंगते. ती बिघडते याचे आश्चर्य नाही, इतकी वर्षे चालते याचे आहे.

"पण चार प्रती आहेत ना?" मी विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग कन्येने मला, एका एम. ए. झालेल्या माणसाला, दुसरीतली बेरीज शिकवली. समजा, दूधवाल्याचा, वाण्याचा आणि पेपरवाल्याचा हिशोब तीन वह्यांत लिहिला आणि चौथीत तिघांची फक्त बेरीज. एक वही हरवली तर बेरजेतून बाकीच्या दोन वजा करून ती परत लिहिता येते. दोन हरवल्या की हिशोब गेला. आमच्या पेटीत हेच चालते; फक्त बेरीज पाळीपाळीने चारही डिस्कांवर लिहिली जाते. म्हणजे प्रत एकच, आणि वर एका डिस्कपुरता आधार.

या पद्धतीला 'रेड' म्हणतात. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे नाव रूढ केले. त्यातल्या एका अक्षराचा मूळ अर्थ होता 'स्वस्त', पुढे तो 'स्वतंत्र' असा करण्यात आला. मराठीच्या मास्तराला यात गंमत वाटली. आपल्याकडेही स्वस्त वस्तूचे नाव बदलून ती महाग विकण्याची कला जुनी आहे. आणि स्वतंत्र म्हणावे तर माझ्या चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या! एकीला वार्धक्य आले, तर बाकीच्या तिघींचे वय काय निराळे?

कन्येची आज्ञा झाली, आधी ओव्या बाहेर काढा. डिस्कची सविस्तर तपासणीसुद्धा नंतर, कारण ती आजारी डिस्कला आठ-दहा तास पळवते. मी स्टेशनजवळच्या दुकानातून एक सुटी डिस्क आणली आणि त्या रात्री पेटीतला ऐवज तिच्यात उतरवायला लावला. पेटी वाजत होती, शेजारी घट बसले होते, आणि पडद्यावरून एकेका गावाचे नाव सरकत होते.

पहाटे यादी ताडून पाहिली. २००६ होते, आजी होती. २००९ सालची जावळीकडची फेरी मात्र नव्हती. सहा जणी, बावीस ध्वनिमुद्रणे.

हा दोष आजारी डिस्कचा नव्हे. पेटी घरी आली त्या वर्षी मी सगळे नीटनेटके लावत होतो. एकच सामान दोनदा आले आहे असे समजून मी ते स्वतःच्या हाताने पुसले होते. दुसरी प्रत नव्हतीच. मी पुसले आणि चारही डिस्कांनी एकमताने ते विसरून टाकले. बेरीजसुद्धा नव्याने करून ठेवली. मूळ कार्डांवर तर केव्हाच दुसरे काही भरले गेले होते. त्या सहा जणींच्या ओव्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत, आवाज नाही. सौभाग्यवतीने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता ती आत गेली.

नंतर तपासणी लावली. ती निम्म्या वाटेवरच 'वाचता येत नाही' म्हणून थांबली. आता शंका उरली नाही. नवी डिस्क आली. कन्येने पुण्याहून पेटीत डोकावून सांगितले होते, 'दोन नंबरची आजारी', आणि मी ते कागदावर लिहून घेतले होते. त्याप्रमाणे दुसऱ्या खाचेतली डिस्क ओढणार, एवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "अहो, दिवा तर तिसरीचा लागलाय."

मी फोन केला. पेटीच्या पोटातली यादी शून्यापासून मोजते आणि बाहेरच्या खाचा एकापासून! मी धडधाकट डिस्क काढली असती आणि तिची भरपाई आजारी डिस्कच्या साक्षीवरून करायला लावली असती. जिथे ती साक्ष फुटली असती, तिथे हिशोबच बुडाला असता. मग पडद्यावरचा लांबलचक अनुक्रमांक मी वाचला आणि पेटी बंद करून तिसरी डिस्क बाहेर काढून त्यावरच्या चिठ्ठीचा क्रमांक सौभाग्यवतीने वाचला. अक्षर न् अक्षर जुळले, तेव्हाच नवी डिस्क आत गेली.

भरपाईला अकरा तास लागले. त्या वेळात बाकीच्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागते, आणि त्या तिघीही समवयस्क. मी दर तासाला उठून पाहत होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेटी गप्प झाली. ओव्यांची एक प्रत आता कन्येकडे पुण्यात आहे.

गूगलने आपल्या लाखाहून अधिक डिस्का तपासून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला, तो मी कन्येकडून मिळवून वाचला. वाचण्यातला पहिला दोष उघड झाला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यात आहे. पण मेलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी मुख्य चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते, हेही त्याच निबंधात आहे. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले, ती चूक झाली.

काल रात्री साडेअकराला सौभाग्यवतीने मला पुन्हा हलवले.

"अहो, ऐकलंत का?"

"काय?"

"पेटी वाजत नाहीये. ठीक आहे ना ती?"

मी उठलो, दिवा लावला आणि आकडे वाचायला बसलो.