स्ट्रॉबेरी राहू द्या, फालसा लावा

होळी झाली की आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कुंडीत स्ट्रॉबेरीचं रोप, त्याला एक लाल फळ, खाली वीस-पंचवीस अंगठे. मे महिन्यात त्याच रोपाचा फोटो कुणी टाकत नाही!

त्यात रोपाचा काही दोष नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, आपलं इंदूर अठराशे फुटांच्या आसपास. तिथंही ऊन तापलं की स्ट्रॉबेरीचा हंगाम आटोपतो, मग आपल्या गच्चीवर ती कशी टिकणार? ब्लूबेरीला तर आंबट माती लागते, माळव्याची काळी माती नेमकी उलट. आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासले, म्हणून सांगतो, ह्या खात्यात परतफेड नाही.

फालसा मात्र आपल्या उन्हाचाच. पाच-सहा फूट जागा किंवा मोठा ड्रम पुरतो. थंडीत पानं गळली की डिसेंबर-जानेवारीत कंबरेइतकं छाटायचं. छाटायला जीव धजत नाही, पण फळ नव्या फुटीवरच येतं. मग बारीक पिवळी फुलं, आणि एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत फळं. सगळी एकदम पिकत नाहीत, रोज सकाळी मूठ-दोन मूठ वेचायची. तोडलेलं फळ दोन दिवसही धड राहत नाही, म्हणून मॉलमध्ये दिसत नाही. ठेलेवाला काळं मीठ भुरभुरून पुडीत देतो तेवढंच. घरी झाड असलं तर शरबत रोजचं.

दुसरी तुती, म्हणजे आपलं शहतूत. पेन्सिलीएवढी काडी पावसाळ्यात खोचली तरी लागते. मार्च-एप्रिलमध्ये झाड काळं होतं आणि बुलबुल आपल्या आधी हजर! पण हीच झाडं हल्ली तोडली जातात, फरशीवर डाग पडतात म्हणून. आमच्या गल्लीतली दोन गेली. स्वच्छतेत 2017 पासून आपला पहिला नंबर, त्याचा मलाही अभिमान आहे, पण पिकलेलं फळ अंगणात पडलं तर तो कचरा कसा? जुनी चादर अंथरा, फांदी हलवा, काम झालं. बोटांचे डाग जायला आमची आई कच्ची हिरवी तुती चोळायला सांगायची.

करवंदाचं कुंपण ज्यांना जमेल त्यांनी करावं. कोकणात ती उन्हाळ्यात पिकतात, आपल्याकडे पावसाळ्यात. लोणच्याला उत्तम. काटे मात्र सांभाळा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. मागच्या मे महिन्यात बंगळुरूहून नातू आला. ब्लूबेरी त्याला डब्यावरच्या चित्रावरून ओळखता येते. फालसा हातात दिला तर विचारतो, "आजोबा, हे सोलून खायचं का?" ज्या घरात त्याच्या बापाने फालशाने शर्ट रंगवून मार खाल्लाय, त्याच घरात हा प्रश्न! जुने वाडे आणि बंगले पडून फ्लॅट झाले, झाडं गेली. ज्यांच्याकडे अजून चार हात माती उरली आहे त्यांनी तरी तिच्यावर फरशी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्या उन्हाळ्यात फालसे आणाल तेव्हा बिया फेकू नका. धुऊन लगेच पेरा, दोन-तीन आठवड्यांत उगवतात. साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरतं. आणि झाड उंच जाऊ देऊ नका, आपल्या वयाला शिडी नको.