फोटोग्राफर स्टेजवरून खाली उतरू शकतो

शेवटची मंगलाष्टका संपत आलेली असते. नवरीच्या मागे मामा उभे असतात, गुरुजींचा हात अंतरपाटावर असतो आणि नेमक्या त्याच वेळी स्टेजच्या कडेला दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले आणि लाइट उंच धरलेला एक मुलगा अशी भिंत उभी राहते. खालून टाकलेल्या अक्षता वधूवरांपेक्षा त्यांच्याच डोक्यावर जास्त पडतात. पहिल्या रांगेतल्या आजीबाई इकडून-तिकडून डोकावून पाहतात आणि शेवटी बाजूच्या मोठ्या पडद्याकडे वळतात. ज्या लग्नाला त्या प्रवास करून आल्या, ते त्यांना टीव्हीवर पाहावे लागते.

याचा राग सगळा फोटोग्राफरवर निघतो. त्याला शिस्त नाही, मोठ्यांचा मान नाही, असे बोलले जाते. पण तो तिथे का उभा आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या कॅमेऱ्यावर लावलेले असते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटरची लेन्स लावून जोडीचा कमरेपर्यंतचा फोटो चौकट भरून घ्यायचा, तर दहा-बारा फुटांवर जावेच लागते. तोच फोटो २०० मिलिमीटरवर तीस-पस्तीस फुटांवरून, म्हणजे स्टेजच्या खालून, खुर्च्यांच्या कडेने मिळतो. झूम लेन्सची निवड हा म्हणूनच फोटोग्राफरच्या खिशापुरता विषय नाही. लग्नात कोण कुठे उभा राहणार, हे तिच्यावर ठरते.

आणि इथेच आपल्याकडे पैशांचा क्रम उलटा लागतो. लग्नाची कामे घेणारा तरुण थोडे पैसे जमले, की कर्ज काढून पहिली महागडी लेन्स घेतो ती २४-७०, एफ/२.८. लांबच्या लेन्सची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. मग ७०-३०० सारखी स्वस्त, अंधारात हात टेकणारी लेन्स येते किंवा काहीच येत नाही. खरे तर जवळच्या लेन्सवर काटकसर करावी आणि वाचलेला पैसा लांबच्या लेन्सवर लावावा.

त्यामागचे गणित सोपे आहे. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि आत येणारा प्रकाश जास्त. एफ/२.८ ला एफ/४ च्या दुप्पट आणि एफ/५.६ च्या चौपट प्रकाश मिळतो. समजा, कार्यालयातल्या उजेडात आयएसओ ३२०० ठेवून एफ/५.६ वर शटर १/६० सेकंद येतो. तिथे एफ/२.८ ची लेन्स असेल, तर तो १/२५० वर जातो. १/६० ला हार घालणारे हात पुसल्यासारखे येतात आणि अक्षतांच्या रेघा होतात. १/२५० ला हात हात दिसतात. एफ/५.६ वरच अडून १/२५० हवा असेल, तर आयएसओ १२,८०० करावा लागतो आणि शालूच्या जरीत रवाळपणा उतरतो.

आता हीच तूट जवळून आणि लांबून वेगवेगळी भोवते. जवळ, ३५ मिलिमीटरवर काम करणाऱ्याला पळवाटा आहेत. रुंद कोनात हाताची थरथर कमी जाणवते, त्यामुळे माणसे स्थिर असतील तर १/६० चालून जातो. छत पांढरे आणि फार उंच नसेल, तर फ्लॅश वर वळवून मऊ उजेड घेता येतो. ‘इकडे बघा’ म्हणून माणसांना क्षणभर थांबवता येते. शिवाय आहेर देताना काढायचे तीन रांगांचे फोटो एफ/२.८ वर कोणी काढतच नाही. ७० मिलिमीटरवर दोन मीटरच्या अंतरावर एफ/२.८ ठेवले, तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम १४ सेंटिमीटरची असते. नवऱ्या मुलाचा चेहरा स्वच्छ आणि मागच्या काकांचा धुरकट, असा फोटो अल्बममध्ये कोणाला चालत नाही. तिथे एफ/५.६ किंवा एफ/८ करून फ्लॅश लावावाच लागतो, आणि मग मोठ्या छिद्रासाठी मोजलेले पैसे बॅगेतच राहतात.

लांबून काम करताना मात्र या सगळ्या वाटा बंद होतात. २०० मिलिमीटरवर थरथरही तितकीच मोठी दिसते. मिलिमीटरचा आकडा तोच शटरचा किमान आकडा, म्हणजे १/२००, हा जुना नियम पाळावा लागतो. लेन्समधले स्टॅबिलायझेशन फोटोग्राफरचा हात सावरते, नवऱ्याला उचलून धरणाऱ्या मित्रांचे हात ते थांबवू शकत नाही. फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो, त्यामुळे पस्तीस फुटांवर त्याचा भरवसा नाही. त्यात स्वस्त झूम लेन्सचे छिद्र लांबच्या टोकालाच सर्वात लहान होते. ७०-३०० बहुधा एफ/४ ने सुरू होते आणि जिथे प्रकाशाची खरी गरज, तिथे एफ/५.६ वर येऊन बसते. लांबून काम करणाऱ्याच्या हातात उरते ते फक्त छिद्र.

जवळच्या लेन्समध्ये पैसे वाचवायचे तर पर्याय आता भरपूर आहेत. एफ/२.८ झूममध्ये नवे नाही. छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठीची पहिली झूम, १९५९ ची फोख्टलेंडर झूमार, ३६-८२ मिलिमीटरची आणि एफ/२.८ चीच होती. गेल्या काही वर्षांत बदलले ते वजन आणि किंमत. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ सोनी कॅमेऱ्यांसाठी २०१८ मध्ये आली आणि २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. वजन ५४० ग्रॅम, किंमत सोनीच्या वरच्या दर्जाच्या २४-७० च्या निम्म्याहूनही कमी. निकॉन झेड कॅमेऱ्यांसाठी कंपनीची स्वतःची २८-७५ आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर फुल फ्रेमसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना मोकळीक नसल्याने कॅननवाल्यांचा वर्ग बरीच वर्षे अडला होता. २०२४ मध्ये कॅननने स्वतःच ४९५ ग्रॅमची २८-७० एफ/२.८ काढली. क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी सिग्माची १८-५० एफ/२.८ अवघ्या २९० ग्रॅमची आहे.

या यादीत एक मेख आहे. यातल्या फुल फ्रेमच्या स्वस्त लेन्स २४ ऐवजी २८ पासून सुरू होतात. कागदावर चार मिलिमीटरचा फरक, पण हळदीच्या दिवशी तो जाणवतो. दहा फुटांवरून २४ मिलिमीटरला पंधरा फूट रुंदी मिळते, २८ ला तेरा फुटांहून थोडी कमी. दादर किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पाठ भिंतीला टेकवून फोटो काढणाऱ्याच्या चौकटीतून एक मावशी आणि एक आत्या बाहेर जातात. अर्थात २४ ला काठावरच्या माणसांचे चेहरे ताणले जातात आणि त्या दोघी चौकटीत आल्या, तरी आपण इतक्या जाड दिसतो का म्हणून रुसतात. ज्याची बहुतेक कामे अशा घरांत होतात त्याने २४ चा आग्रह धरावा. सिग्माची २४-७० किंवा चांगल्या स्थितीतली जुनी लेन्स पाहावी. ज्याची कामे लॉन आणि मोठ्या कार्यालयांत होतात, त्याचे २८ वाचून काही अडत नाही.

आता लांबच्या लेन्सकडे. ७०-२०० एफ/२.८ म्हटले की फोटोग्राफर मान चोळतात, कारण ती दीड किलोची. मात्र ही तक्रार जुनी होत चालली आहे. सोनीची २०१६ ची लेन्स १,४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १,०४५ वर आली. कॅननची डीएसएलआरची लेन्सही १,४८० ग्रॅमची, तर २०१९ ची आरएफ १,०७० ची. टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ २०२० मध्ये ८१० ग्रॅमची निघाली. २०२३ च्या आवृत्तीत स्टॅबिलायझेशन आले तरी ती ८५५ ग्रॅमवर राहिली. वरचे वीस मिलिमीटर गेल्याने कोणाचे लग्न अडत नाही, फोटोग्राफर एक-दोन पावले पुढे सरकतो. बजेट आणखी कमी असेल, तर कॅननची जुनी ईएफ ७०-२०० एफ/२.८ वापरलेली मिळते आणि अ‍ॅडॅप्टर लावून नव्या आरएफ कॅमेऱ्यावर नीट चालते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारसारख्या ठिकाणी वापरलेली लेन्स घेताना आतली बुरशी टॉर्च मारून बघावी. कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सला ती धरतेच.

यावर आक्षेप येतील आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा, की नवे कॅमेरे अंधारात इतके चांगले आहेत, की एफ/४ ची हलकी ७०-२०० पुरेशी आहे. २०२३ पासून लाइटरूममध्ये आलेले एआय डिनॉइज रवाळपणा बऱ्यापैकी धुऊन काढते, हेही खरे. पण ते काम रवाळपणापुरते. हललेला हात किंवा चुकलेला फोकस त्यातून परत येत नाही. संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर उजेड दर मिनिटाला उतरत असतो, तेव्हा एफ/४ आणि एफ/२.८ मधला तो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, फार उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सवाल्यांचा. ८५ मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स स्वस्त, हलकी आणि प्रकाशाला उदार. रिसेप्शनला, नवरीच्या तयारीला ती खरोखर छान. पण अंतरपाट दूर होणे, हार घालणे आणि मित्रांनी नवऱ्याला उचलणे हे काही सेकंदांत होते. अंतरपाटाला डोळे हवेत, हाराला दोघांचे हात, उचलताना पूर्ण घोळका. एकाच जागी उभे राहून हे तिन्ही फोटो झूमच देते.

तिसरा पर्याय जास्त मोहक आहे. टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८ सोनीसाठी २०२१ मध्ये आली, पुढे निकॉन झेडसाठीही आली. एकट्याने काम करणाऱ्यांमध्ये ती आवडती आहे. ११६५ ग्रॅमच्या एका लेन्समध्ये लग्नाचा बराचसा भाग मावतो. १५० मिलिमीटरवर तोच कमरेपर्यंतचा फोटो पंचवीस फुटांवरून येतो, म्हणजे स्टेजखालीच राहता येते. हळदीची खोली मात्र तिच्या ३५ मध्ये बसत नाही, त्यासाठी एखादी रुंद लेन्स लागतेच.

आणि काही विधींचे फोटो लांबून होत नाहीत, हे कबूल करायलाच हवे. लाजाहोमात मुठीतून पडणाऱ्या लाह्या, सप्तपदीतले तांदळाच्या राशीवरचे पाऊल, कन्यादानाचे पाणी हे सगळे जमिनीजवळ घडते. तिथे एकाने स्वस्त २८-७५ घेऊन, गुडघ्यावर बसून काम करावे. दुसऱ्याने लांबून. अडचण सगळेच जवळ असण्याची आहे.

गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये ही शिस्त आधीपासून दिसते. वेदीजवळ फिरायला आणि मिस्सा चालू असताना फ्लॅश मारायला फादर नाही म्हणतात, म्हणून तिथला फोटोग्राफर मुकाट्याने लांबची फास्ट, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स घेऊन येतो. फोटो वाईट आल्याची तक्रार कोणी करत नाही. आपल्या गुरुजींना मात्र माइकवरून ‘जरा बाजूला व्हा’ एवढेच म्हणता येते.

लग्नघरानेही आपला वाटा उचलायला हवा. लांबच्या लेन्ससमोर उंच केलेले मोबाइल आणि फेटे येतात. त्यासाठी मंडपवाल्याकडून मधल्या वाटेच्या कडेला दोन फूट उंचीचा छोटा चौथरा मागून घ्यावा; फुलांच्या कमानीच्या खर्चापुढे तो काहीच नाही. जांभळ्या-गुलाबी एलईडीखाली हळद लागलेला चेहरा कुठल्याच लेन्सने नैसर्गिक दिसत नाही, तेव्हा मुहूर्ताच्या वेळी वधूवरांवर साधा पांढरा दिवा समोरून हवा. तो दिवा हलक्या प्रतीचा नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/२५० च्या शटरला फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. ते टाळायला शटर १/१०० वर आणला, की फास्ट लेन्सने कमावलेला वेग तिथेच जातो.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो आणि त्याआधी नवी लेन्स घेण्याची घाई उसळते. घेण्यापूर्वी ती एका दिवसासाठी भाड्याने आणावी, ओळखीच्या कार्यालयात संध्याकाळी जावे, स्टेजवर दोघांना उभे करून तीस फुटांवरून पूर्ण उघड्या छिद्रावर फोटो काढावेत आणि संगणकावर मोठे करून डोळ्यांच्या पापण्या पाहाव्यात. बुकिंग करणाऱ्या घरानेही ‘कुठला कॅमेरा वापरता’ एवढे विचारून थांबू नये. मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजवर किती जण असतील आणि खालून काम करायला कुठली लेन्स आहे, हे विचारावे. उत्तर पटले, तर ‘मंगलाष्टका सुरू असताना स्टेजवर एकच कॅमेरा’ ही ओळ अ‍ॅडव्हान्स देतानाच पावतीवर लिहून घ्यावी, आणि व्हिडिओवाल्यांनाही तीच लागू करावी.