परवडणारा प्रवास आणि न येणारी बस

9 मे 2025 पासून मुंबईच्या ‘बेस्ट’ बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. वातानुकूलित बसचे सहावरून बारा. एका फटक्यात झालेल्या या दुप्पट वाढीवर टीका झाली व ती रास्तच होती. दुकानात बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला दिवसाकाठी दहा रुपयेही जड जातात. तरीही आमच्या मते खरा प्रश्न भाड्याचा नसून बसच्या प्रतीक्षेचा आहे.

हिशेबच मांडून पाहावा. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता साडेनऊ हजारांच्या वर जातो. मे 2021 मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. रोज चाळीस किलोमीटर मोटार चालवणाऱ्याला शहरी वाहतुकीत महिन्याला जवळपास सात हजारांचे इंधन लागते. विमा, दुरुस्ती व वाहनतळ यांचा खर्च निराळाच. याउलट नव्या दराने दिवसातून दोनदा बस व त्यासोबत लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास धरला, तरी खर्च हजाराच्या आसपास राहतो.

इतकी तफावत असूनही माणसे कर्ज काढून वाहन घेतात. त्यात प्रतिष्ठेचा मोह आहेच (रविवारी चर्चच्या आवारातील गाड्यांची दाटी पाहून तो आम्हालाही दिसतो). परंतु सर्वांनाच हौशी ठरवणे अन्यायाचे होईल. अर्धा तास थांबूनही बस येत नाही, रात्रपाळीहून परतताना शेवटची फेरी निघून गेलेली असते, वृद्ध आईला गर्दीत चढवता येत नाही. अशा वेळी हप्त्याचे ओझे पत्करले जाते.

एसटीने ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, तर 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास दिला. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु गावाची फेरीच रद्द झाली, तर सवलत घ्यायची कोठे? ‘बेस्ट’च्या बहुसंख्य बस आज कंत्राटदारांच्या आहेत, त्यांनी अंग काढून घेतले की थांब्यावरील रांग लांबते. दुसरीकडे, तेरा हजार कोटींहून अधिक खर्चाचा सागरी किनारा मार्ग मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर दुचाकीलाही प्रवेश नाही. सार्वजनिक पैसा कोणाच्या सोयीकडे वाहतो, हे यावरून उमगते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या विषयाची दखल घेतली आहे. एक-दोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारींनी शहरे कोंडतात, म्हणून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम हवा, असे ते म्हणतात. मात्र गर्दी, अपुऱ्या फेऱ्या व असुरक्षितता यांमुळे प्रवाशाची मानहानी होते, हेही ते लपवीत नाहीत. आम्हाला दुसरा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला पर्यावरणाचे धडे देण्यात काय हशील? 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवासी प्राणास मुकले, तेही स्वस्त प्रवासाचेच प्रवासी होते.

तेव्हा कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी वरील हिशेब कुटुंबाने एकदा अवश्य मांडावा. आणि बस नसेल, तर गावकऱ्यांनी मिळून ती मागावी. अर्जात ‘बस वाढवा’ एवढेच न लिहिता कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती प्रवासी ताटकळतात याची आठवडाभराची नोंद जोडावी. अशी नोंद समोर असली की आगार व्यवस्थापकाला मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेणे अवघड जाते.