आधी खाटांचा हिशोब द्या!

दोस्तांनो, गेल्या रविवारी आमच्या वस्तीशेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. विषय, हॉस्पिटलचं पार्किंग वाढवायचं की नाही. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं. त्याला मागचं मैदान पाहिजे. दीडशे गाड्या मावतील म्हणे. मैदानाच्या कडेला आमच्या चाळीस झोपड्या आहेत. भिंतीवरच्या नकाशात त्या नव्हत्या. तिथं हिरवा रंग फासला होता.

मी मागं उभा होतो. आमच्यापर्यंत खुर्च्या पोचल्या नाहीत.

हॉस्पिटलवाले म्हणाले, गाडी लावायला जागा नाही, पेशंटचे हाल होतात. सोसायटीवाले म्हणाले, धूर होईल, हॉर्न वाजतील, झाडं तुटतील. दोन तास भांडले. शेवटी एक बाई म्हणाल्या, "काही म्हणा, पार्किंग झालं तर ती घाण तरी जाईल." तेव्हा मात्र दोन्हीकडच्या माना एकदम डोलल्या.

घाण म्हणजे आम्ही. हीच घाण सकाळी सहाला हॉस्पिटलात शिरते, रक्तामुताच्या चादरी उचलते, संडास धुते, आणि तेव्हा कुठं यांचं हॉस्पिटल चकाचक होतं.

आता साधं गणित करू. मुंबईच्या बांधकाम नियमात मोठ्या गाडीची जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे १४८ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला ३०० चौरस फूट. दोन गाड्या म्हणजे एक संसार, वर चार फूट शिल्लक. आणि फुकट घर पाहिजे तर १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा दाखवा. गाडी काल शोरूममधून आली असली तरी तिला पुरावा कोण विचारत नाही. इमारत बांधताना एवढ्या गाड्यांची सोय करा, असं नियम दरडावून सांगतो. त्या इमारतीत झाडू मारणाऱ्याची सोय करा, असं मला त्यात कुठं सापडलं नाही.

पण हे सगळं पेशंटसाठी चाललंय, नाही का? मग पेशंटचंच बोलू. विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई हायकोर्टानं २००६ साली योजना लावून दिली. धर्मादाय हॉस्पिटलातल्या शंभरातल्या १० खाटा गरिबाला फुकट, आणखी १० सवलतीत. बिलांच्या रकमेतले २ टक्के गरीब पेशंटच्या निधीत. आणि जीवावर बेतलेल्या पेशंटला डिपॉझिट न मागता आत घ्यायचं.

माझ्या बापानं याच हॉस्पिटलात कंत्राटावर अठरा वर्षं झाडू मारला. छातीत कळ आली त्या रात्री काउंटरवर पन्नास हजार मागितले. मला तेव्हा कलम माहीत नव्हतं. मी हात जोडत बसलो. मग टॅक्सी केली, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्याकडं निघालो. बाप टॅक्सीतच गेला. त्याला गाडी लावायला जागा नको होती. त्याला खाट पाहिजे होती.

म्हणून त्या हॉलमधलं भांडण मला खोटं वाटतं. अँब्युलन्सला वाट पाहिजे, कबूल. झाडं राहिली पाहिजेत, तेही कबूल. पण दोघांचं भांडण गाडी कुठं उभी राहील यावर आहे. माणूस कुठं जाईल हा प्रश्न त्यांच्या कागदावर नाहीच.

आता आपल्यातल्यांना दोन शब्द. वस्तीतला एक पुढारी बारा नावांची यादी घेऊन फिरतोय. पार्किंगवर आपली पोरं लावणार म्हणे. मला म्हणाला, "पोरांच्या पोटावर पाय देऊ नकोस." त्या यादीत माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे. तो दोन वर्षं बेकार आहे. आई माझ्याशी धड बोलत नाही. तरी लिहितो. च्यायला, आपली चूल जिथं पेटत होती तिथंच उभं राहून दुसऱ्याच्या गाडीची पावती फाडायची, याला नोकरी म्हणायचं? हे नवं वतन आहे. तुकडा टाकायचा आणि पिढ्या राबवून घ्यायच्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल मांडलं. तेव्हाही आपल्यातलेच काही म्हणाले असतील, पोटावर पाय देऊ नका.

काम पाहिजे. पण अठरा वर्षं कंत्राटावर कुजवणारं नको, कायम पाहिजे. घर पाहिजे, इथंच आणि लेखी. आणि गेटवर फळा पाहिजे : एकूण खाटा किती, गरिबांच्या किती, आज रिकाम्या किती. निधीत जमले किती, कुणावर खर्चले. हा हिशोब आल्याशिवाय मैदानाची एक वीटही हलू द्यायची नाही.

शिकलेल्या दोस्तांनो, नुसत्या घोषणा देऊन घरी जाऊ नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज टाका, ज्याच्या त्याच्या वस्तीशेजारच्या हॉस्पिटलचा. दहा ठिकाणांहून दहा अर्ज जाऊ द्या.

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. भाऊ येतो म्हणालाय. यादीत नाव असून येतोय. तुम्हीही या, आणि लवकर या. या वेळी खुर्च्यांवर आपण बसायचं.

जय भीम.