सुगंधाचा पाया आणि साळईचें झाड

अत्तराची कुपी उघडतांच जो दरवळ येतो तो लिंबासारख्या हलक्या तेलांचा व फुलांचा. पण तो फार वेळ टिकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वस्त्राला जो ऊबदार, किंचित् गोडसर वास राहतो तो ऊद, हिराबोळ, धूप अशा राळयुक्त द्रव्यांचा होय. त्यांतील जड घटक सावकाश उडतात व फुलांचा वासही कांहीं काळ धरून ठेवितात. म्हणून गंधी त्यांस सुगंधाचा पाया मानतात. हा पाया झाडाच्या जखमेंतून मिळतो, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

इथिओपिया व इरिट्रिया या देशांत आपल्या साळईच्याच कुळांतलें एक झाड आहे. त्याचा धूप ख्रिस्ती मंदिरांत जळतो व अत्तरांतही पडतो. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत, न चिरलेल्या झाडांचें बीं शेंकडा ८० हून अधिक उगवलें. सतत चिरलेल्या झाडांचें अवघें शेंकडा १६. वणवे व मोकाट गुरें यांमुळें उगवलेलें रोपही वाढत नाहीं. वीस वर्षांत उत्पन्न निम्म्यावर येईल, असा अंदाज २०१९ सालीं संशोधकांनीं वर्तविला.

आपल्याकडे सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर साळई आहे. तिचा चीक टोपलींत महिनाभर निथळत ठेवितात, गोळा कठीण झाल्यावर फोडतात व साल-कचरा निवडून प्रती लावितात. चांगलें झाड वर्षाला सुमारें एक किलो माल देतें. एवढ्याशा मालासाठीं झाड मक्त्यानें देण्याची पद्धत आम्हांस घातक वाटते. मक्तेदाराची नजर एका हंगामापुरती. झाड मात्र धन्याचें भांडवल आहे.

कोणी म्हणेल, आज दर आहे तर आजच कां काढूं नये? आमचें उत्तर असें कीं, पेरणीचें बियाणें दळून खाणारा कुणबी शहाणा ठरत नाहीं. ज्यांच्या स्वतःच्या माळावर वा बांधावर साळई आहे त्यांनीं कोवळीं झाडें चिरूं नयेत, सालीखालच्या लाकडाला इजा करूं नये, चिरलेल्या झाडास विसावा द्यावा आणि कांहीं झाडें केवळ बियांसाठीं राखावीं. साळई फांदीपासूनही लागते. तेव्हां मोकळ्या जागीं जाड फांद्या रोवून गुरांपासून जपाव्या. खर्च थोडा व लाभ पुढील पिढीचा, हें खरें. परंतु आंब्याची बाग लावतांना आपल्या वडिलांनींही हाच हिशेब केला होता.