मॅटर्निटी लीव्हमध्ये कर्ज काढताय? आधी हे बघा: पैसे उशिरा येणार आहेत की येणारच नाहीयेत?

२६ आठवड्यांची भरपगारी रजा. मॅटर्निटी लीव्ह म्हटलं की आपल्याला हे एकच वाक्य माहिती असतं. तरीही रजेच्या तिसऱ्या महिन्यात क्रेडिट कार्डचं बिल पुढे ढकलणाऱ्या, आईकडून हातउसने घेणाऱ्या, रात्री बाळाला पाजता पाजता मोबाइलवर ‘५ मिनिटांत लोन’ची जाहिरात बघणाऱ्या बायका काही कमी नाहीत. रजा भरपगारी असेल तर पैसे कमी का पडतात?

कारणं दोन असतात आणि आपण ती एकत्र करून टाकतो. एक म्हणजे हक्काचे पैसे कुठेतरी अडकलेत. दुसरं म्हणजे पैसे येणारच नाहीयेत. पहिल्या बाबतीत थोड्या दिवसांचं, स्वस्त कर्ज चालून जातं. दुसऱ्या बाबतीत तेच कर्ज वर्षभर मानगुटीवर बसतं.

भरपगारी म्हणजे नक्की किती?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मोठ्या गोष्टी त्याच आहेत. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यानंतर १२ आठवडे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं, ही अटही तीच.

बदल आहे तो ‘वेतन’ या शब्दात, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुन्या कायद्यात मातृत्व लाभ मोजताना घरभाडे भत्ताही वेतनात धरला जायचा. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता अशा काही गोष्टी वेतनातून वगळल्या आहेत. वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात धरायची.

समजा एखादीचा पगार ४०,००० आहे. त्यात बेसिक २२,०००, घरभाडे भत्ता ११,००० आणि प्रवास भत्ता ७,०००. वगळलेले १८,००० निम्म्याच्या आतच आहेत. म्हणजे कायद्याने बंधनकारक असलेला लाभ २२,००० रुपयांच्या हिशोबाने निघतो. कंपनी पूर्ण पगार देऊ शकते, अनेक कंपन्या देतातही. पण घरभाडं १२,००० आणि गाडीचा हप्ता साडेनऊ हजार असलेल्या घरात ४० की २२ हा फरक बारशाच्या दिवशी कळून उपयोग नाही. रजेवर जाण्याआधी एचआरला ईमेल करा आणि दरमहा खात्यात किती जमा होणार, तो आकडा लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, फुल पे आहे’वर विसंबू नका.

ईएसआय योजनेत असाल तर गणित वेगळं. तिथे पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे आणि पैसे कंपनीकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून येतात. सरासरी रोजच्या वेतनाच्या १०० टक्के दराने ते मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ती भरली गेली आहे ना, हे आधीच तपासा. पैसे अडकले की लोक कंपनीत चकरा मारत बसतात आणि फाइल ईएसआय कार्यालयात असते.

पैसे अडकले असतील तर?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. गरोदरपणाचा पुरावा दिल्यावर प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे आगाऊ द्यायचे आणि बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर उरलेले ४८ तासांत. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते पगारासारखे महिन्याच्या महिन्याला येतात, आणि छोट्या कंपन्यांमध्ये ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं ऐकायला मिळतं. अशा वेळी आधी लेखी मागणी करा. दाद लागली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. या रजेवर आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

कंत्राटावर असाल तर हेही लक्षात ठेवा. कंत्राट संपतंय म्हणून मातृत्व लाभ मध्येच तोडता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात दिला. म्हणजे ज्याला आपण ‘पैसे येणारच नाहीत’ समजतो, ते कधी कधी नुसते अडकलेले असतात.

मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी पैसे हवेच असतील तर आधी स्वतःच्या एफडीकडे बघा. एफडीवरचं ओव्हरड्राफ्ट साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने मिळतं. त्यानंतर सोनं. गोल्ड लोनसाठी रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ची मुदत दिली. त्यानुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण जास्त मिळतं म्हणून जास्त घेऊ नका. ६०,००० रुपयांवर १२ टक्के दर धरला तर महिन्याचं व्याज ६०० रुपये. तेच ६०,००० क्रेडिट कार्डवर थकले आणि दर महिना साडेतीन टक्के असला, तर महिन्याला २,१०० रुपये आणि वर जीएसटी. ‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणजे व्याज थांबलं, असं होत नाही. नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

बचत गटाचं कर्ज महिना दोन टक्क्यांनी असेल तर ते वर्षाला २४ टक्के होतं. फक्त ते व्याज गटाच्याच निधीत परत जातं, हा फरक आहे.

आणि पैसे येणारच नसतील तर?

फ्रीलान्स काम, घरकाम, दहापेक्षा कमी माणसांचं दुकान किंवा ऑफिस, नाहीतर २६ आठवड्यांनंतर वाढवलेली बिनपगारी रजा. इथे येणारी रक्कम नाही, त्यामुळे नवं कर्ज फेडायला काही येणारही नाही. ज्यांना नोकरीतून लाभ मिळत नाही आणि जे पात्रतेत बसतात, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन टप्प्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे करता येतो. रक्कम छोटी आहे, तिच्यावर घर चालत नाही.

म्हणून आधी चालू हप्ते कमी करायचे. हप्ता बाउन्स व्हायच्या आधी बँकेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, विचारा. कोविडमध्ये २०२० साली हप्ते थांबवायची सवलत होती, ती आजही हक्काने मागता येते असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. बँक काय देईल ते तिच्यावर आहे आणि कर्जाची पुनर्रचना झाली तर त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते. तरीही न सांगता हप्ता चुकवण्यापेक्षा हे बरं. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए होतं.

लोन अ‍ॅपच्या वाटेला जायचंच असेल तर नियम माहीत असू द्या. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग अ‍ॅपला वापरता येत नाहीत. सही करण्याआधी सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मिळायलाच हवं. कर्ज परत करून बाहेर पडायला किमान एक दिवस मिळतो. नियमन केलेल्या कंपन्यांशी जोडलेल्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच नियमात सापडत नाही. रजेवरच्या बाईचा सिबिल स्कोअर चांगला, सॅलरी स्लिप जुनी पण चालणारी, म्हणून हॉस्पिटलच्या बिलापासून बारशाच्या हॉलपर्यंत सगळ्याचं कर्ज तिच्याच नावावर काढायचं, हे सर्रास चालतं. तिचंच उत्पन्न सगळ्यात कमी असतं तेव्हा! खर्च दोघांचा असेल तर नवऱ्याच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घ्या, आणि हे घरी बोलायला आठवा महिना उशिराचा नाही. कारण वसुलीचा फोन कागदावर सही करणाऱ्यालाच येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तो सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही.