परीक्षक बाहेरचाच हवा

लहान मूल हट्टाला पेटले की ‘पोलीस धरून नेईल हं!’ असे म्हणून त्याला भिवविण्याची रीत आमच्या कोकणी घरात होती. वडोदऱ्यातील मराठी घरांतही ती मी ऐकली. ज्याला रक्षक म्हणून नेमले त्याचीच भीती दाखवावी, हे निरोगी समाजाचे लक्षण नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, शालान्त परीक्षेची तुमची उत्तरपत्रिका तुमच्या वर्गशिक्षकाकडे जात नाही. ती परक्या परीक्षकाकडे जाते. तुमचे शिक्षक अप्रामाणिक असतात असा ह्याचा अर्थ नव्हे. निकालावर सर्वांचा विश्वास बसावा, एवढाच त्यातील हेतू. हाच न्याय पोलिसांच्या वर्तनाला का लावू नये?

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह ह्यांनी १९९६ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निर्णय दिला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरण असावे आणि जिल्ह्यातील प्रमुखपद निवृत्त जिल्हा न्यायाधीशाकडे असावे, असा त्यातील एक आदेश होता.

१९५१ चा मुंबई पोलीस कायदा गुजरात व महाराष्ट्र ह्या दोन्ही राज्यांकडे एकाच वारशाने आला. गुजरातने २००७ साली त्यात दुरुस्ती करून प्राधिकरणे निर्माण केली खरी. परंतु जिल्ह्यातील अध्यक्षपद पोलीस अधीक्षकाकडेच दिले. म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा वर्गशिक्षकाच्याच टेबलावर आली! महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे सोपविले. शेजाऱ्याला जे जमले ते आपणांस का जमू नये?

बाहेरच्या माणसाला शिपायाच्या अडचणी काय कळणार, खोट्या तक्रारींनी त्याचे धैर्य खचेल, असा एक आक्षेप आहे. तो पोकळ नाही. नवरात्रात आपण गरबा पाहत असतो, तेव्हा रात्रभर चौकात उभा राहणारा शिपाई मी पाहिला आहे. परंतु खोट्या आळातून सुटण्याची निकड त्यालाच सर्वांत अधिक. आणि घरच्याच अधिकाऱ्याने दिलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यावर लोक विश्वास ठेवीत नाहीत.

उद्या तुमच्यापैकी कोणी खाकी गणवेश चढवील, कोणी गाऱ्हाणे घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढेल. दोघांनाही निःपक्षपाती परीक्षकाचीच गरज आहे. तो लाभला, तर ‘पोलीस धरून नेईल’ असे म्हणणारी आईच मुलाला सांगेल, ‘वाट चुकलास तर पोलीसदादांना विचार.’